विहिरीची पातळी आणि पावसाची नोंद: सातवीच्या वर्गासाठी एका सत्राचा प्रकल्प

सहावी ते आठवीच्या वर्गात प्रकल्प घ्यायचा असेल, तर सर्वांत आधी असा प्रश्न शोधावा लागतो, ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, दुकानात मिळणाऱ्या चित्रतक्त्यावर नाही आणि शिक्षकालाही आधीपासून ठाऊक नाही. ही अट पाळली नाही, तर मुले माहिती गोळा करत नाहीत, ती उतरवून काढतात. आणि उतरवलेल्या माहितीला कितीही सुंदर मुखपृष्ठ लावले तरी त्यातून शिकणे फारसे होत नाही. या वयाच्या मुलांना मोजता येते, प्रश्न विचारता येतात, दोन गोष्टींची तुलना करून कारण शोधता येते. या क्षमतांना पुरेसे काम मिळेल असा प्रकल्प खानदेशातल्या कोणत्याही गावात जवळजवळ विनाखर्च उभा राहू शकतो. तो कसा उभा करावा, हे पुढे एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे सविस्तर मांडले आहे.

उदाहरण म्हणून घेतलेला प्रश्न असा आहे: आपल्या गावातल्या विहिरींचे पाणी पाऊस पडल्यावर किती वाढते, किती दिवसांनी वाढते आणि सगळ्या विहिरींत सारखेच वाढते का? बोरी, पांझरा, बुराई किंवा गिरणा यांच्या खोऱ्यांत, जिथे काळ्या पाषाणात खोदलेल्या उघड्या विहिरी आजही वापरात आहेत, तिथे हा प्रश्न चांगला चालतो. यावल आणि रावेरच्या तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात मात्र पाणी खोल गेले असून उपसा मुख्यतः कूपनलिकांमधून होतो. तिथे हा प्रश्न जसाच्या तसा घेऊ नये. त्या गावांसाठी वेगळा प्रश्न लेखाच्या उत्तरार्धात दिला आहे.

प्रश्न ठरवण्याआधीचा आठवडा

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि पहिला आठवडा पुस्तकवाटप व नावनोंदणीत जातो. त्यानंतरच्या आठवड्यात, पेरणीची गडबड सुरू असताना, मुलांना एकच घरचा अभ्यास द्यावा: घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाला पाण्याविषयी विचारून, उत्तर मिळाले नाही किंवा दोघांनी वेगवेगळे उत्तर दिले असा एक प्रश्न वहीत लिहून आणावा. दुसऱ्या दिवशी हे सगळे प्रश्न फळ्यावर लिहावेत. त्यांत काही प्रश्न इतके मोठे असतील की ते वर्गाच्या आवाक्यात येणार नाहीत, जसे की पाऊस कमी का झाला. काहींचे उत्तर एका वाक्यात मिळेल. उरलेल्या प्रश्नांना शिक्षकाने तीन कसोट्या लावाव्यात: हे आपल्याला मोजता येईल का, त्यासाठी लागणारे साधन गावात मिळेल का, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काही उत्तर हाती येईल का.

ही चर्चा घाईने उरकू नये. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात शिक्षकाचे सर्वांत कौशल्याचे काम येथेच आहे. 'पाणी कमी झाले का' या प्रश्नाचे 'सहा विहिरींतील पाण्याची पातळी जुलैच्या पहिल्या सोमवारी किती होती आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी किती झाली' असे रूपांतर मुलांनी स्वतः करायला हवे. शिक्षकाने तयार वाक्य फळ्यावर लिहून दिले, तर पुढचे चार महिने मुले शिक्षकाचे काम करत राहतात. 'कमी म्हणजे किती?', 'कशापेक्षा कमी?', 'ते तुम्हाला कसे कळले?' असे उलट प्रश्न विचारत राहिले की वर्ग हळूहळू त्या नेमक्या वाक्यापर्यंत पोहोचतो. यासाठी दोन तासिका लागल्या तरी त्या सत्कारणी लागतात.

दिवाळीपर्यंतची मर्यादा सांगण्यामागे स्थानिक कारण आहे. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला वेग येतो आणि मोठ्या मुलामुलींची उपस्थिती घटते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अनेक पाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीसाठी किंवा गुजरातमध्ये मजुरीसाठी स्थलांतर करतात. दुसऱ्या सत्रात पसरलेला प्रकल्प अशा मुलांच्या हातून अर्ध्यात सुटतो, आणि ज्यांना वर्गात टिकवून धरण्याची सर्वाधिक गरज आहे तीच मुले निष्कर्षाच्या वेळी नसतात. म्हणून मुख्य काम पहिल्या सत्रात संपेल असेच नियोजन करावे. श्रावणात कानबाईचा रविवार आणि दुसऱ्या दिवशीचे विसर्जन, पुढे पोळा, गणपती अशा दिवसांना गावाचे वेळापत्रक बदलते; ते दिवस आधीच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवावेत आणि त्या दिवसांची नोंद कोण घेणार हे ठरवून टाकावे.

वेळ कुठून काढायचा

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापन तास अपेक्षित आहेत. त्यात प्रकल्पासाठी वेगळा वेळ शोधत बसण्यापेक्षा तो चालू विषयांतच बसवावा. सातवीच्या गणितात सरासरी आणि जोडस्तंभालेख येतात, भूगोलात आणि विज्ञानात पाण्याशी संबंधित घटक असतात, मराठीत मुलाखत आणि वृत्तान्तलेखन असते. या प्रकल्पातून ते घटक शिकवले, तर तेवढ्या तासिका मोकळ्या होतात. आठवड्यातून दोन तासिका आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेतला एखादा तास पुरतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात स्थानिक व्यावसायिकांकडून शिकण्यासाठी १० दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. गवंडी, विहीर खोदणारे, मोटार दुरुस्त करणारे कारागीर यांच्या भेटी त्या दिवसांत घेता येतील.

विहिरींची निवड आणि सुरक्षितता

पाच-सहा विहिरी पुरेत, पण त्या विचारपूर्वक निवडाव्यात. एक नाल्याच्या काठची, एक उंचावरच्या माळाची, एक गावठाणातली, एक पाझर तलावाच्या किंवा सिमेंट बंधाऱ्याच्या खालच्या बाजूची असावी. असा फरक असल्याशिवाय तुलना करण्यासारखे काही मिळत नाही. सगळ्या विहिरी एकाच नाल्याला लागून असतील, तर चार महिन्यांनी सहा सारखेच आलेख हाती येतील.

सुरक्षिततेच्या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. खानदेशातल्या शेतांतल्या अनेक विहिरींना कठडा नाही, काहींच्या काठाची माती पावसाळ्यात खचते. ज्या विहिरीला छातीएवढा किंवा निदान कमरेपेक्षा उंच पक्का कठडा नाही, ती विहीर कितीही सोयीची असली तरी यादीतून वगळावी. निवडलेल्या विहिरीभोवती कठड्यापासून एक मीटरवर फक्कीने रेषा आखावी आणि मुलांनी त्या रेषेच्या आत जाऊ नये. दोर किंवा फीत विहिरीत सोडण्याचे काम शिक्षक अथवा विहीरमालक यांनीच करावे. मुलांनी वर काढलेल्या फितीवरचे माप वाचावे, दुसऱ्याने पुन्हा वाचावे, तिसऱ्याने लिहावे. प्रत्येक फेरीला दोन प्रौढ माणसे सोबत असावीत. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांचे संमतीपत्र आणि विहीरमालकाचा होकार हे तिन्ही मोजणी सुरू होण्यापूर्वी फाईलला लागलेले असावेत. विहिरीवर एकट्याने जाऊन माप घेणाऱ्या मुलाचे कौतुक होऊ देऊ नये, उलट असे माप वर्ग स्वीकारणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

विहीरमालकाला आणखी एक शब्द द्यावा लागतो. कोणाच्या विहिरीला किती पाणी आहे, ही गावात नाजूक गोष्ट असते. त्यामुळे तक्त्यावर मालकाचे नाव न लिहिता विहिरींना क्रमांक द्यावेत आणि क्रमांक-नावाची यादी शिक्षकांकडेच ठेवावी. माहिती जपून वापरायची असते, हा धडाही मुलांना यातूनच मिळतो.

मोजणीची पद्धत

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक लहान, ठळक खूण करावी. प्रत्येक माप याच खुणेपासून घ्यायचे. खूण नसेल तर एका आठवड्यात माप उंच दगडावरून आणि पुढच्या आठवड्यात सखल दगडावरून घेतले जाते, आणि १०-१५ सेंटिमीटरचा फरक पावसाच्या नावावर जमा होतो. खूण जमिनीपासून किती उंच आहे हे एकदाच मोजून ठेवावे.

मापासाठी शेतमोजणीची ३० मीटरची फीत सर्वांत सोयीची. तिच्या टोकाला एखादे जड नट बांधावे आणि खालच्या मीटरभर भागाला वर्गातला खडू घासावा. फीत पाण्यात थोडी बुडेल इतकी सोडून, खुणेशी नेमका पूर्ण मीटरचा आकडा धरावा आणि मग ती वर घ्यावी. खडू जिथपर्यंत भिजला आहे तिथे रंग बदललेला स्पष्ट दिसतो. समजा, खुणेशी ९ मीटर धरले आणि खालचे ४० सेंटिमीटर भिजले. तर खुणेपासून पाणी ८.६० मीटर खोल आहे. खूण जमिनीपासून ०.८० मीटर उंच असेल, तर जमिनीपासून पाणी ७.८० मीटरवर आहे. टोकाला बांधलेल्या नटाची लांबी फितीच्या शून्याखाली लोंबते, म्हणून भिजलेला भाग नेहमी फितीवरच्या आकड्यानेच वाचावा, नटापासून वितीने मोजू नये. फीत नसेल तर न ताणणारा दोर घेऊन त्यावर दर मीटरला गाठ मारावी आणि टोकाला लहान स्टीलचा पेला उपडा बांधावा. पेला पाण्याला टेकताच डुबुक असा आवाज येतो. तिथे दोर थांबवून खुणेपाशी पकडावा, वर काढून मोजपट्टीने मोजावा. दुसरी पद्धत थोडी कमी अचूक आहे, पण मुले ती फार लवकर समजून घेतात.

दर वेळी तीन मापे घ्यावीत आणि मधले माप स्वीकारावे. तिन्हींत फार अंतर असेल तर चौथे घ्यावे, पण आधीचे तीन आकडे खोडून टाकू नयेत.

मोजणीची वेळ हा या प्रकल्पातला सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. मोटार तासभर चालून थांबली असेल तर विहिरीतली पातळी खाली गेलेली असते आणि ती पूर्ववत यायला वेळ लागतो. म्हणून मोजणी शक्यतो सकाळी, मोटार सुरू होण्यापूर्वी करावी आणि मोटार शेवटची कधी चालली हे मालकाला विचारून स्वतंत्र रकान्यात लिहावे. हा रकाना नसेल, तर ऑगस्टमध्ये भर पावसात एखाद्या विहिरीची पातळी दोन मीटर खाली का गेली, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. नोंदतक्त्यात दिनांक, वेळ, विहीर क्रमांक, तीन मापे, स्वीकारलेले माप, मोटारीची माहिती, मोजणाऱ्यांची नावे आणि शेरा एवढे रकाने पुरतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मोजणी व्हावी. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून साधारण चार वेळा मोजते. त्यामुळे मुलांची आठवड्याची नोंद हे केवळ सरावाचे काम उरत नाही, गावापुरती ती खरोखर नवी माहिती असते, आणि हे मुलांना आवर्जून सांगावे.

शाळेतला पर्जन्यमापक

विहिरीबरोबर पाऊसही मोजावा लागतो. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली वरच्या निमुळत्या भागाच्या खाली कापावी आणि कापलेला भाग उलटा करून त्याच बाटलीत नरसाळ्यासारखा बसवावा. बाटलीचा तळ खोलगट-उंच असतो, म्हणून तळात खडे टाकून सरळ भाग सुरू होईल तिथपर्यंत पाणी भरावे आणि त्या रेषेला शून्य मानून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटलीचे तोंड आणि आतला भाग एकाच व्यासाचे असल्यामुळे पट्टीवरचा आकडा हाच पाऊस. वेगळ्या आकाराचे भांडे वापरले, तर जमलेले पाणी मिलिलिटरमध्ये मोजून त्याला तोंडाच्या क्षेत्रफळाने भागावे लागते. तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर येते, आणि १५७ मिलिलिटर पाणी जमले तर पाऊस २ सेंटिमीटर, म्हणजे २० मिलिमीटर झाला. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र सातवीच्या मुलांना येत नसेल, तर आलेख कागदावर भांड्याचे तोंड गिरवून चौकोन मोजायला सांगावे. सूत्र पुढे शिकवले जाईल तेव्हा त्याचा अर्थ त्यांना आधीच ठाऊक असेल.

पर्जन्यमापक इमारतीच्या किंवा झाडाच्या जवळ ठेवू नये. अडथळा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. भारतीय हवामान विभाग पावसाची रोजची नोंद सकाळी साडेआठला घेतो. मुलांनीही तीच वेळ पाळावी. साडेआठला शाळा भरलेली नसते, म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची आठवड्याची पाळी लावावी आणि रविवारही त्यातून सुटू देऊ नये. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो दिवस पावसाचा दिवस धरतात. आपली नोंद महसूल मंडळातल्या महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहता येते. दोन्हींत फरक निघाला तर लगेच मुलांचे चुकले असे म्हणू नये. चार किलोमीटरवर वेगळा पाऊस पडणे हे आपल्याकडे नेहमीचे आहे, आणि फरक सातत्याने एकाच दिशेचा आहे का हे तपासणे हाच पुढचा प्रश्न ठरतो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे सूत्र मुलांच्या हाती दिले की त्यांची गणिते आपोआप सुरू होतात. शाळेचे छप्पर २० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल, तर १० मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर १२०० लिटर पाणी पडते. आठवीच्या वर्गाला याच धाग्याने विहिरीकडे नेता येते: ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पातळी एक मीटर वाढली, तर सुमारे २८,२६० लिटर पाणी वाढले.

गट आणि कामांची वाटणी

पाच मुलांचा एक गट करावा आणि एका गटाकडे एक विहीर द्यावी. हुशार मुलांचा एक गट आणि बाकीच्यांचे दुसरे, अशी विभागणी कटाक्षाने टाळावी. माप वाचणे, लिहिणे, मालकाशी बोलणे, साहित्य सांभाळणे आणि आलेखात बिंदू भरणे ही कामे दर पंधरवड्याला फिरती ठेवावीत. फिरवली नाहीत तर सुंदर अक्षराची मुलगी चारही महिने लिहीत राहते आणि तिला फीत वाचायला येत नाही. गटाची वही एक असली, तरी प्रत्येक मुलाने आपल्या वहीत आठवड्याची एक नोंद स्वतःच्या शब्दांत लिहावी: आज काय दिसले, मागच्या आठवड्यापेक्षा काय बदलले, आणि ते का बदलले असावे असे मला वाटते.

या नोंदीत मुलाने अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी वापरली तर ती लाल शाईने दुरुस्त करू नये. निरीक्षण ताजे असताना मूल ज्या भाषेत विचार करते त्याच भाषेत ते नेमके उतरते. अंतिम अहवाल प्रमाण मराठीत लिहायचा असतो, आणि आपल्याच कच्च्या नोंदींवरून तो लिहिताना भाषेचा अभ्यासही खऱ्या गरजेतून होतो.

जाणत्या माणसांच्या मुलाखती

मोजणी सुरू होऊन महिना झाला की मुलाखती घ्याव्यात. आधी घेतल्या तर मुलांना काय विचारावे हे कळत नाही. महिनाभर फीत वाचल्यानंतर मात्र त्यांच्या प्रश्नांना धार येते.

प्रश्न कसे विचारावेत यावर वर्गात स्वतंत्र तासिका घ्यावी. 'पूर्वी पाणी जास्त होते ना?' या प्रश्नाला सगळीकडे 'हो' हेच उत्तर येते आणि त्याचा उपयोग काही नाही. त्याऐवजी 'तुमच्या विहिरीला पाणी कोणत्या सणापर्यंत पुरायचे?' असे विचारावे. आजोबांना तारीख आठवणार नाही, पण दिवाळीला मोट किंवा इंजिन चालू होते, संक्रांतीला पाणी तळाला जायचे की आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) टिकायचे, हे नेमके आठवते. अशी उत्तरे महिन्यांत बदलून तक्त्यात भरता येतात. वर्षे ठरवण्यासाठीही असेच टेकू घ्यावेत: १९७२चा दुष्काळ, विहीर खोदली तेव्हा घरात कोणाचा जन्म झाला होता, गावात वीज आली त्याआधी की नंतर. मुलांनी घरच्या बोलीतच 'कितलं', 'कव्हय', 'कसाले' असे विचारले, तर माणसे अधिक मोकळेपणाने बोलतात. आजीला विचारायला विसरू नये. शेतातल्या विहिरीचे पुरुष सांगतात, परंतु पिण्याचे पाणी किती लांबून आणि कोणत्या महिन्यात आणावे लागे, हे बायकांनाच ठाऊक असते.

साक्री आणि धुळे तालुक्यात पांझरेकाठी जी गावे आहेत, त्यांनी याला फड पद्धतीचा अभ्यास जोडावा. नदीवर बंधारा घालून पाटाने आणलेले पाणी, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घेण्याचा नियम आणि पाणी वाटण्यासाठी नेमलेला पाटकरी, ही गावाने मिळून चालवलेली व्यवस्था काही शतके टिकली. पाणी किती आहे या प्रश्नाच्या पुढचा, ते कोणाला किती मिळावे हा प्रश्न येथे मुलांसमोर प्रत्यक्ष उभा राहतो. नागरिकशास्त्राच्या तासाला याहून चांगला विषय मिळणे अवघड आहे.

आलेख आणि निष्कर्ष

ऑगस्टच्या अखेरीस आलेखाला सुरुवात करावी. येथे मुलांचा एक ठरलेला गोंधळ होतो: खोलीचा आकडा कमी झाला म्हणजे पाणी वाढले, हे आलेखात उलटे दिसते. त्यावर उपाय सोपा आहे. उभ्या अक्षावर शून्य वर ठेवावे आणि खोलीचे आकडे खाली उतरत जावेत. मग रेषा वर गेली की पाणी वर आले असा सरळ अर्थ लागतो. त्याच कागदाच्या खालच्या भागात आठवड्याच्या एकूण पावसाचे स्तंभ काढावेत. सहाही गटांचे आलेख एकाच मापाच्या कागदावर, एकाच प्रमाणात काढले असतील तरच ते भिंतीवर शेजारी लावून तुलना करता येते.

पुष्कळ ठिकाणी असे दिसेल की सुरुवातीच्या चांगल्या पावसातही विहिरीची रेषा हलत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन आधी स्वतः पाणी पिते, आणि ती तृप्त झाल्यावरच पाणी खाली झिरपू लागते. हे कारण शिक्षकाने लगेच सांगू नये. मुलांना दोन कुंड्या द्याव्यात, एकीत कोरडी काळी माती आणि दुसरीत मुरूम, दोन्हींत सारखे पाणी घालून खालून ते कधी आणि किती बाहेर पडते हे पाहू द्यावे. त्यानंतर आलेखाकडे परत आणावे. बंधाऱ्याखालच्या विहिरीची रेषा माळावरच्या विहिरीपेक्षा लवकर चढली का, पाऊस थांबल्यावर ती हळू उतरली का, याची उत्तरे मुले स्वतः देतात. एका पावसाळ्यातल्या सहा विहिरींवरून साऱ्या तालुक्याविषयी विधान करता येत नाही, ही मर्यादाही त्यांच्याकडूनच वदवून अहवालात लिहून घ्यावी.

एखादी विहीर कोणत्याच अंदाजात बसली नाही, तर ती अहवालातून वगळण्याचा मोह होतो. ती ठेवावी आणि तिच्यासमोर 'कारण सापडले नाही' असे स्पष्ट लिहावे.

मूल्यमापन आणि मांडणी

आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, प्रात्यक्षिक, तोंडीकाम आणि उपक्रम ही साधने आहेतच, त्यामुळे या कामाची नोंद वेगळ्या ठिकाणी करावी लागत नाही. गुण देताना सजावटीला काहीही देऊ नये. नोंदी नियमित आणि प्रामाणिक आहेत का, चुकीचा आकडा एका रेघेने खोडून शेजारी दुरुस्ती केली आहे का, आलेखावरून मुलाला अर्थ सांगता येतो का आणि गटातल्या इतरांचे काम त्याला समजले आहे का, एवढेच पाहावे. यासाठी प्रत्येक मुलाला त्याची वही उघडून तीन-चार मिनिटे एकट्याने बोलू द्यावे. फारसे न लिहिणारी, पण विहिरीवर सर्वांत अचूक माप वाचणारी मुले याच वेळी दिसून येतात.

वर्गाच्या भिंतीवर दर आठवड्याला एका पानाचे हस्तलिखित वार्तापत्र लावावे, त्यात त्या आठवड्याचा पाऊस, सहा विहिरींची पातळी आणि एका मुलाचे निरीक्षण असावे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत. रोजचे लिहून रोज वाचायला देण्याची ही पद्धत खानदेशातल्या शाळेला परकी नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मुलांना दहा मिनिटे मिळावीत, यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्याशी सप्टेंबरमध्येच बोलून ठेवावे. तेथे एका गटाने सहा आलेख एकत्र दाखवावेत, दुसऱ्याने मुलाखतींतले निष्कर्ष सांगावेत, आणि ग्रामस्थांच्या प्रश्नांना मुलांनीच उत्तरे द्यावीत. उत्तर येत नसेल तर 'हे आम्ही मोजले नाही' असे म्हणण्याचा सराव आधी करून घ्यावा.

जिथे विहिरी नाहीत तिथे

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात ठिबक सिंचनाचा प्रश्न घ्यावा: एकाच नळीवरच्या पहिल्या आणि शेवटच्या तोटीतून सारखेच पाणी पडते का? ताशी ४ लिटरच्या तोटीतून १५ मिनिटांत एक लिटर पाणी पडायला हवे. तोटीखाली भांडे ठेवून घड्याळ लावले की फरक कळतो, आणि शेतकरी स्वतःच उत्तराची वाट पाहू लागतो. जळगाव, धुळे, भुसावळसारख्या शहरांत गळक्या नळांखाली मोजपात्र ठेवून दिवसाला किती पाणी जाते ते काढता येईल. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात झऱ्याच्या पाण्याने ठरलेल्या मापाचे भांडे भरायला किती सेकंद लागतात, हे पावसाळ्यानंतर दर आठवड्याला मोजता येते. प्रश्न बदलला तरी ठरलेली जागा, ठरलेली वेळ, तीन मापे आणि न खोडलेली नोंद हे चारही नियम तसेच राहतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्या गटांच्या वह्या, विहिरींच्या खुणांचे वर्णन, पर्जन्यमापकाची नोंदवही आणि मोटारीच्या वेळांचा तक्ता एका पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये लावून शाळेच्या कपाटात ठेवावेत. क्रमांक-नावाची यादी मात्र वेगळ्या बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्यावी. पुढच्या जूनमध्ये सहावीतून सातवीत आलेल्या वर्गाला ही फाईल पहिल्या आठवड्यातच दाखवावी, कठड्यांवरच्या पुसट झालेल्या खुणांना त्याच जागी पुन्हा रंग द्यावा, आणि गतवर्षीच्या मुलांपैकी दोघांना नव्या वर्गाला फीत वाचायला शिकवण्यासाठी बोलवावे.